ऑडिशन आईबापांची

सर्वप्रथम अभिनंदन. अकरावीतल्या मुलीनं रात्रीच्या जेवणात जाहीर केलं की तिला कॉम्प्युटर सायन्स नको, व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा, खर्जातला भाऊ) वाजवण्यातली पदवी हवी. आणि तुम्ही आमटीचा घोट गिळून नुसतं "हं" म्हणालात. अमेरिकेत वीस वर्षं काढलेल्या मराठी बापाला याहून शांत राहता येत नाही. रात्री तुम्ही बायकोला विचारलंत, "हे खूळ तूच सुरू केलंस ना?" ती म्हणाली, "चौथीत ऑर्केस्ट्रात घाल, कॉलेजच्या अर्जावर बरं दिसतं, असं कोण म्हणालं होतं?" तिथे चूक कुणाची हा विषय मिटला. आता पुढचं माझ्याकडून ऐका. आमच्या घरात हे सगळं दोन वर्षांपूर्वी होऊन गेलं. अनुभव माझ्याकडे आहे, व्हायोला मुलीकडे.

मुळात एक गोष्ट मनाशी पक्की करा: ऑडिशन तुमची आहे. पोरगी फक्त वाजवायला येणार.

म्हणून कॉलेजांची यादी करताना तिथे व्हायोला कोण शिकवतं, हा बारीकसारीक प्रश्न मुलीवर सोडा. तुम्ही बघायचं ते हे, की गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत ते नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो. न्यूयॉर्कच्या जूलियार्ड संगीतशाळेला अडचण नाही, ते नाव श्रीखंडाच्या पातेल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. फिलाडेल्फियाच्या कर्टिसचं मात्र अवघड आहे. तिथे जेमतेम दीडशेच्या आसपास विद्यार्थी, आणि १९२८ पासून ते कुणाकडूनच शिकवणीची फी घेत नाहीत. आत शिरणं महाकर्मकठीण. पण रांगेत "फी नाही" म्हटलंत की समोरचा सहानुभूतीनं बघतो आणि विचारतो, "मग गावातलं स्वस्तातलं कम्युनिटी कॉलेज का?"

यावर उत्तम तोडगा म्हणजे बाल्टिमोरची पीबडी. १८५७ सालची जुनी, नामांकित संस्था, पण आपल्या दृष्टीनं तिचा मोठा गुण असा की ती डॉक्टरकीसाठी गाजलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा भाग आहे. "मुलगी हॉपकिन्सला असते" एवढंच बोलायचं आणि वाटीत जास्तीचा रस्सा घ्यायला वळायचं. पुढचं समोरचा स्वतःच समजून घेतो. चार वर्षांनी तो गुडघा दाखवायला आला तर तेव्हाचं तेव्हा.

ज्यांना एवढं धाडस नाही त्यांच्यासाठी दुहेरी पदवी आहे. ओहायोतल्या ओबरलिनला पाच वर्षांत संगीताची एक आणि दुसऱ्या विषयाची एक अशा दोन पदव्या घेता येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉन्झर्वेटरीत तर पदवीच्या विद्यार्थ्यांना दुसरा विषय घ्यावाच लागतो. एकावर एक फ्री, आणि तेही सक्तीनं! मराठी पालकासाठीच ही योजना आखली असावी, असं मला ते माहितीपत्रक वाचताना भरून आलं होतं. ती दुसरी पदवी अर्थशास्त्रातच असेल, हे तुम्ही गृहीत धरा. मुलीनं गृहीत धरलेलं तत्त्वज्ञान तुम्हाला तिसऱ्या वर्षी कळेल.

वाद्य अजून ठरायचं असेल, म्हणजे मूल लहान असेल, तर मात्र संधी सोडू नका. संगीतशाळेत जागा टक्केवारीवर निघत नाहीत. ऑर्केस्ट्राला ओबो नावाची फुंकवाद्यं दोन लागतात; या वर्षी ओबोवाला एक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला तर पुढच्या वर्षी ओबोची एक जागा. कुणीच बाहेर पडलं नाही तर तुमचा बाळ कितीही गुणी असो, उत्तर ठरलेलं. पियानो, व्हायोलिन, बासरी, गाणं इथे ही गर्दी. बसून (इंग्रजीत bassoon) आणि डबल बास या वाद्यांना मात्र शाळा हुडकत फिरतात. मुलाला काय आवडतं हे विचारण्याआधी हा हिशोब मांडा. आम्ही धाकट्याला सरळ बसून दिला. लाकडाची लांबलचक, खर्जातली सुषिर वाद्यातली आजी म्हणा. पुण्याला फोनवर सांगितलं, "आई, धाकटा बसून शिकतो." आई म्हणाली, "बरोबर आहे. उभ्यानं शिकायला ती काय कवायत आहे?"

आपल्याकडे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद असा गांधर्वच्या परीक्षांचा जिना असतो. पायरीपायरीनं चढा, दर पायरीला प्रमाणपत्र, ते हॉलमध्ये टांगा. इथे जिना नाही, नुसतं दार आहे, म्हणजे ऑडिशन, आणि त्याआधी एक फाटक. फाटकाचं नाव प्रीस्क्रीन. बहुतेक नामवंत शाळांना १ डिसेंबरपर्यंत व्हिडिओ पाठवायचे असतात. त्यात रचना सलग वाजवायची. मध्ये कापाकापी, जोडाजोडी चालत नाही. तुमचं घर रेकॉर्डिंगला फार सोयीचं आहे, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे पहिल्या टेकला डिशवॉशर, चौथ्याला धाकटा, सातव्याला बागेतली पानं उडवणारा शेजारी. अकरावा टेक अप्रतिम चालला होता, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. शिट्टी नेमकी सुरात होती असं मुलीचं म्हणणं. मी तोच पाठवू म्हणत होतो.

फाटक उघडलं तर जानेवारी ते मार्च तुम्ही रस्त्यावर. संगीतशाळा ऑडिशनसाठी असा काळ निवडतात की जेव्हा क्लीव्हलंडला, रॉचेस्टरला आणि बोस्टनला आलटून पालटून बर्फ पडतं. व्हायोला विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावतो, याबद्दल देवाचे आभार माना. चेलोवाल्यांना त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं. लिन हॅरेल नावाचे नामवंत चेलोवादक चेलोच्या तिकिटांवरही विमान कंपनीच्या बक्षीस योजनेत मैल जमवत असत. २०१२ मध्ये डेल्टानं त्यांना आणि चेलोला, दोघांनाही त्या योजनेतून काढून टाकलं. तेव्हा चेलोच्या आईबापांनी आशाच सोडावी.

ऑडिशनच्या दिवशी तुमचं खरं काम कॉरिडॉरमध्ये. दाराला कान लावून उभे राहा. आतून जे अप्रतिम ऐकू येतं ती तुमची मुलगी नसते, तिचा नंबर अजून लागायचा असतो. शेजारच्या आईला सहज विचारा, "रोज किती तास?" ती "फार नाही" म्हणेल. तुम्हीही "आमचीही फार नाही" म्हणा. आत दहा मिनिटांत काम आटोपतं. परीक्षक मधेच थांबवून "थँक यू" म्हणतात. वेळ वाचवायला ते सगळ्यांनाच थांबवतात, पण हे मानू नका. परतीच्या सहा तासांच्या ड्राइव्हमध्ये त्या "थँक यू"चा स्वर काय होता, "थँक" वर जोर होता की "यू" वर, हे मुलीकडून नीट काढून घ्या. ती कानात हेडफोन घालेल. तुम्ही बोलत राहा.

मग पैसे. मोठ्या खाजगी शाळांत नुसती शिकवणी वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर, खोली-जेवण धरून ७०,००० च्या पुढे. यासाठी सरकारी फॉर्म असतो, फाफ्सा. त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतात, म्हणजे तुमची नोकरी शाबूत होती तेव्हाचं. त्यातून जो आकडा निघतो त्याला पूर्वी 'कुटुंबाकडून अपेक्षित वाटा' म्हणत. २०२४-२५ पासून त्याचं नाव एसएआय. एका दमात वाचा: साई. हा आकडा उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो, आपल्यापैकी कुणाचा गेल्याचं ऐकिवात नाही. श्रद्धा आणि सबुरी ठेवून फॉर्म भरा, एवढंच हातात आहे. आणि तुम्ही अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल, मुलगी एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकामुलांच्या व्हिसावर) असेल, तर तेवढीही तसदी नको; ही सरकारी मदत मुख्यतः नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते, एच-४ वाल्यांना नाही. बालवाडीपासून इथेच शिकलेली मुलगी त्या फॉर्मपुढे एकाएकी परदेशी होते. तिला हे समजावून सांगण्यासाठी माझ्याकडे विनोदी सल्ला नाही.

गुणवत्तेची शिष्यवृत्ती वेगळी. ती पोरीच्या वाजवण्यावर मिळते, हे खरं. पण त्या वर्षी ऑर्केस्ट्रात व्हायोलाच्या किती खुर्च्या रिकाम्या आहेत यावरही मिळते. दर वर्षी २५,००० डॉलरचं पत्र आलं की तुम्ही ते छापून फ्रिजवर लावाल. लावा. मात्र हे लक्ष्मी रोडवरच्या सेलसारखं आहे: आधी किंमत वाढवायची, मग सूट द्यायची. बहुतेकदा सूट चारही वर्षं तेवढीच राहते आणि फी दर वर्षी वाढते. हे चौथ्या वर्षी लक्षात येण्याआधी पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं. आम्ही चौथ्या वर्षापर्यंत अजून पोचलो नाही, त्यामुळे सध्या खूश आहोत.

निकाल १ एप्रिलच्या सुमाराला लागतात आणि १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. हा महिना तुळशीबागेचा. एका शाळेचं पत्र दुसऱ्या शाळेला दाखवून "तिकडे दहा हजार जास्त देतायत" असं नम्रपणे लिहिता येतं, आणि कधीकधी खरंच आकडा वाढतो. फक्त पाठ फिरवून चालू लागायची तुळशीबागेतली युक्ती इथे चालत नाही. कुणी "अहो ताई, या परत" म्हणून हाक मारत नाही. बायकोनं करून बघितलं.

आता राहण्याची सोय. इथे निष्काळजीपणा नको, कारण संगीतशाळेत काय शिकवतात ते आपल्याला कळणार नाही, खोली मात्र कळते. जूलियार्डला पहिल्या वर्षी वसतिगृहातच राहावं लागतं; तेव्हा "मॅनहॅटनमध्ये एक वन-बेडरूम बघून ठेवू, गुंतवणूकही होईल" हे स्वप्न गुंडाळा. ओबरलिनला १९५० पासून विद्यार्थ्यांनी चालवलेली सहकारी घरं आहेत. स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळं मुलंच करतात आणि त्यामुळे स्वस्तही पडतं. घरी पाण्याची बाटली न उचलणारी मुलगी तिथे चाळीस जणांची डाळ शिजवायला आपणहून जाते. मग तिच्या आईनं फोनवर डाळीबद्दल काही विचारू नये, एवढं बघा.

रूममेट ठरवण्यासाठी एक फॉर्म येतो: किती वाजता झोपता, टापटीप किती, पाहुणे चालतात का. तो मुलीला भरू देऊ नका. आम्ही भरला: रात्री १० ला झोपते, पहाटे ६ ला उठते, खोली आवरलेली लागते. त्यावरून जी रूममेट मिळाली तिच्या आईनंही हेच लिहिलं होतं. दोघी रात्री २ ला झोपतात, खोलीत जमीन दिसत नाही, आणि दोघींचं मेतकूट जमलंय.

खोली बघायला गेलात की ऊन कुठून येतं, बाथरूम किती जणींत, देवाचा फोटो कुठे ठेवायचा, हे विचारा. रियाजाची इमारत किती पावलांवर आहे, ती रात्री किती वाजता बंद होते, वाद्याचा लॉकर ओला-कोरडा कसा राहतो, असले प्रश्न मुलगी विचारेल आणि तुम्हाला ते कंटाळवाणे वाटतील. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं व्हायोलाच्या लाकडाला तडा जातो. बायकोनं मुलीच्या घशासाठी नेलेलं वाफेचं यंत्र आता व्हायोलाच्या उशाशी असतं. इथल्या वसतिगृहातली गादी ८० इंच, म्हणजे घरच्या सिंगल गादीपेक्षा पाच इंच लांब. तिचं नाव ट्विन एक्सएल. हे न कळल्यानं आम्ही नेलेल्या चार चादरी चारही कोपऱ्यांतून सुटत होत्या. शेवटी सोलापुरी चादरीनं लाज राखली.

हे सगळं आजोबा पुण्याहून व्हिडिओवर बघत होते. ते म्हणाले, "भीमसेन १९३३ साली अकराव्या वर्षी घरातून पळाले. बिनतिकीट फिरले. कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून पाणी भरलं. आणि तुला गादी तोकडी?"

"गादी नाही आजोबा, चादर. आणि ते गुरूंच्या घरीच राहायचे ना? जेवायचेही तिथेच?"

"अर्थात."

"फी?"

"गुरूला कसली फी? सेवा!"

"मग फुल राइड होती की! शिकवणी, खोली, जेवण. लॉस एंजेलिसच्या कोलबर्नला मिळते तशी. मला नाही मिळाली ती." आजोबांनी कॅमेरा बंद पडल्याचं सांगितलं.

मुलीला सोडून परत आलात की तुम्ही तज्ज्ञ झालात. मंडळात लोक बाजूला घेऊन विचारतात. मीही आता "स्टुडिओ", "मेरिट" असे शब्द वापरतो आणि वाटी हातात धरून दूर बघतो. आमचं सगळं जमून आलंच होतं: मोठी मार्गाला लागली, धाकट्याच्या बसूनला दोन शाळांतून आतापासून विचारणा. नवा बसून घेण्यासाठी आम्ही घरावर कर्ज काढलं.

परवा जेवताना धाकट्यानं जाहीर केलं की त्याला डॉक्टर व्हायचंय.

मी आमटीचा घोट गिळला. रात्री बायको म्हणाली, "हे खूळ तूच डोक्यात घातलंस ना?"