नवस बोला, पण तपासणी थांबवू नका

मी देव मानते. उपास करते, वारीला जाणाऱ्यांच्या पाया पडते. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. कॅन्सर झालेल्या माणसाला देवाच्या नावाने दवाखान्यापासून लांब ठेवणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध आपण श्रद्धाळू माणसांनीच बोललं पाहिजे.

माझ्या मामीच्या छातीत गाठ लागली तेव्हा एका महाराजांनी सांगितलं की सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो. झालं, बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, राहिली. अंगारा, लेप, गुरुवार सुरू झाले. टाटाला नेलं तोवर गाठ फुटून जखम झाली होती. पुढे केमो झाली, लाईट (रेडिएशन) दिले, पण मामी राहिली नाही. शेवटच्या दिवसांत ती जप करत पडून असायची आणि त्या जपाने तिला दोन घटका झोप लागायची, हे मी पाहिलंय. त्या जपाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. संताप येतो तो सुईची भीती घालणाऱ्याचा.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा कॅन्सर बरा होण्याजोगा होता, तरीही ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त. हे वाचलं तेव्हा मला मामीच दिसली.

श्रद्धा आणि संशोधन एका माणसात किती सुखाने नांदू शकतात याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे शास्त्रज्ञ. जन्म १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. तरुणपणी त्यांना रामकृष्ण मिशनमध्ये संन्यास घ्यायचा होता, आईने परवानगी दिली नाही. दोन भाऊ पाठोपाठ संग्रहणीने गेले. ते स्वतःही त्याच दुखण्यातून उठले, तेही एका आयुर्वेदाच्या जाणकाराच्या उपचाराने. मग ते अमेरिकेला गेले आणि लेडर्ली या औषध कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केलं.

या फॉलिक अ‍ॅसिडची सुरुवात आपल्या परळची आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत बसून त्यांनी गरीब, गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा, म्हणजे रक्त कमी होण्याचा, शोध घेतला. त्यात गिरणीत राबणाऱ्या बायका होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बायकांचं रक्त सुधारलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलेट, फॉलिक अ‍ॅसिडचंच नैसर्गिक रूप.

बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांना हेच जीवनसत्त्व दिलं, तर आजार उलट भडकला. म्हणजे कॅन्सरच्या पेशींना ते हवंय. मग त्यांनी त्याचं काम अडवणारं औषध वापरायचं ठरवलं, आणि अमिनोप्टेरिन हे औषध त्यांना सुब्बारावांच्या चमूकडून मिळालं. जून १९४८ मध्ये फार्बरांनी १६ मुलांची हकीकत छापली. १० मुलांचा आजार ओसरला होता, तोही थोड्या काळापुरताच, आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मला यातलं सर्वांत जास्त भावतं ते हे लिहिणं. ज्या सहा मुलांना गुण आला नाही, तीही मोजली. कुठला महाराज अशी सहा माणसं मोजतो? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. अमिनोप्टेरिनच्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट हे औषध आजही मुलांच्या ब्लड कॅन्सरवर दिलं जातं. त्या काळी हा आजार म्हणजे मरणच होतं. आज श्रीमंत देशांत दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात.

आणि धर्माचं म्हणाल तर गाडगेबाबांचं बघा. त्यांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार हे स्पष्ट आहे. नवसाच्या नावाने बकरी कापणाऱ्यांना ते कीर्तनात फैलावर घेत. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज गावाकडून टाटाला आलेले पेशंट आणि त्यांची माणसं राहतात. याला मी धर्म म्हणते.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी रोज मोबाईलवर अशा जाहिराती येतात. येतील त्या रिपोर्ट करा, पुढे पाठवू नका.

एक मात्र मान्य करायला हवं. पुष्कळ घरं बाबाकडे वळतात ती खर्चाच्या धास्तीने. घरात कुणाला गाठ, न भरणारी जखम, तोंडातला पांढरा चट्टा दिसला तर आधी तपासणी करून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन येतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्यांदा त्याला गाठा. सिद्धिविनायक मंदिर न्यासही गरजू रुग्णांना उपचारासाठी पैशाची मदत करतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो. हॉस्पिटलकडून खर्चाचं अंदाजपत्रक लिहून घ्या आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स जवळ ठेवा.