मिसिंग, इथेनॉल आणि चार डांबरगोळ्या

दिवाळीपासून एक मेसेज फिरतोय. परभणीत माझ्या गॅरेजवर आलेल्या पाच-सहा गिऱ्हाइकांनी तो मलाच वाचून दाखवला. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि गाडी झटके देते ते. मेसेज थोडक्यात असा: ‘गाडी मिसिंग करत असेल तर दोष फक्त इथेनॉलच्या पेट्रोलचा. चारही प्लग एकदम बदला. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, इंजिनचा लाइट जातो. टाकीत चार डांबरगोळ्या टाका. मग समृद्धीवर १२०नं पळवा, कार्बन जळून जाईल. स्कॅनरवाल्याला पैसे देऊ नका.’ खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ जारी’.

आधी इथेनॉल, कारण त्यात थोडं खरं आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० सालाचं होतं, ते २०२५वर आणलं गेलं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, तेव्हा मायलेज थोडं उतरणारच. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसलं आणि तेच पंपानं उचललं, तर गाडी झटके देईल. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना मिश्रण आपोआप जुळवून घेता येत नाही, जुने रबरी पाइपही त्यात खराब होतात. इथवर मान्य.

पण टाकी एक, पंप एक, आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना ते पोचवणारी नळी, म्हणजे रेल, तीही एक. चारही सिलिंडर तेच पेट्रोल पितात. मग पेट्रोल खराब असेल तर एकटा तीन नंबरच उपाशी का? एकाच पंगतीत एकच आमटी वाढलेली, आणि पोट दुखतंय फक्त एकाचं. पेट्रोलचा दोष बहुतेक वेळा सगळीकडं थोडाथोडा दिसतो, आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) पी ०३०० हा कोड येतो, म्हणजे अमुक एक सिलिंडर सांगता येत नाही. पी ०३०३ आला की फक्त तिसरा. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्या या दुसऱ्या जातीच्या असतात.

‘चारही प्लग बदला.’ प्लगचं आयुष्य संपलं असेल तर जरूर बदला. पण जुने फेकायच्या आधी ओळीनं मांडून बघा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते खडूनं लिहून. कोरडा काळा काजळीचा म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरा भुरका म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. प्लगच्या खड्ड्यातच ऑइल साचलं असेल तर वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलंय. तिथं नवा प्लग घातलात तरी पुढं कॉईलचं (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारा भाग) रबर सडणार आणि झटके परत येणार. सीएनजीवर झटके आणि पेट्रोलवर नीट, असं असेल तर नुसतं गॅसकिटला नावं ठेवू नका. गॅस पेटवायला ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळं प्लगचा गॅप वाढलेला असो की कॉईल थकलेली असो, ते आधी गॅसवर उघडं पडतं.

बॅटरीची वायर काढली की लाइट जातो, हे खरं. पण त्या लाइटसोबत कोड जातो, आणि दोष नोंदला गेला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, किती फेऱ्यांवर होतं, ती नोंदही जाते. पंचनामा व्हायच्या आत जागा शेणानं सारवून काढायची आणि मग चोर सापडत नाही म्हणायचं, त्यातला प्रकार. दोन-चार दिवसांत लाइट परत येतो.

डांबरगोळ्या: स्कूटरच्या जमान्यातली समजूत. टाकीला ट्रंक समजू नका. न विरघळलेली गोळी फिल्टरमध्ये बसली तर एक दोष नवीन मिळेल, जुना आहे तिथंच राहील.

समृद्धीचा सल्ला मात्र सगळ्यात महागात जाणारा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. इंजिनचा लाइट नुसता लागलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय याचा अर्थ, आता जे मिसिंग चाललंय त्यानं धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेनं कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथं जळतं. आत मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा लेप. तो वितळायला लागला की धूर कोंडतो, गाडीला पिकअप राहत नाही. परभणीहून समृद्धीला लागायचं म्हणजे आधी जालना गाठायचं. तेवढ्या वाटेतच काम होऊन जाईल. शिवाय तापलेला कन्व्हर्टर उन्हाळ्यात वाळल्या गवतावर उभा करू नका, हे वेगळं सांगायला हवं का? लाइट लुकलुकत असेल तर एक्सिलेटर सोडायचा, कडेला थांबायचं, गाडी टोइंगनं आणायची.

राहिला स्कॅनर. तो पार्ट सांगत नाही, सिलिंडर सांगतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, वेगावर सेन्सरची नजर असते. ज्याच्या पाळीला स्फोट झाला नाही, त्याच्या पाळीला वेग क्षणभर पडतो, तोच पकडला जातो. (आमच्या रस्त्यांचे हादरेही कधीकधी त्याला चकवतात, म्हणून एकदा कोड आला की लगेच पार्ट मागवायचा नसतो.) पुढचं काम हातानं. तिसऱ्याची कॉईल दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसून फेरी मारायची. आता पी ०३०२ आला तर कॉईल गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर आणि त्याची वायर, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. कॉम्प्रेशन कमी भरलं तर चमचाभर ऑइल घालून परत मोजायचं: वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सकाळी पहिली दोन मिनिटं झटके, मग गाडी नीट, आणि कूलंट हळूहळू कमी होतंय, तर गॅस्केटचा संशय आधी घ्या. रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतणाऱ्यांच्या गाड्यांत हे मी जास्त पाहतो. चालू गाडीत प्लगची टोपी ओढून बघायची जुनी सवय मात्र आता सोडा, त्यात कॉईलही जाते आणि कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

सोयाबीनचा हंगाम संपता संपता मोंढ्यातले एक व्यापारी आले होते. “मिस्त्री, सगळं केलं हो. प्लग नवे, गोळ्या टाकल्या, बॅटरी काढून झाली. तरी झटके द्यायलीय, लाइट बी लुकलुकायलाय.” गाडी रात्री पोत्यांच्या थप्पीशेजारी उभी असते, हे मला विचारल्यावरच कळलं. स्कॅनरवर दोन कोड, पी ०३०३ आणि पी ०२०३. दुसरा इंजेक्टरच्या वायरिंगचा. बॉनेटखाली बोट सरकवत गेलो तर तिसऱ्या इंजेक्टरची वायर उंदरानं कुरतडलेली, एक तार तुटून लोंबत होती. खाली सोयाबीनची टरफलं. जोडायला वीस मिनिटं लागली, वर जाळीची नळी चढवली.

त्यांचे जुने चार प्लग अजून माझ्या बाकड्यावर पडून आहेत. चारही चालू आहेत.