जमीन गहाण टाकता येत नाही, ते बरंच आहे

मंडळी, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडायला मंडळ द्यावं का, यावर ऑक्टोबर 2023 मध्ये सार्वमत झालं. तेव्हापासून आपल्या मेलबर्नच्या मराठी गप्पांत एक वाक्य सारखं कानावर येतं. "एवढी जमीन परत मिळाली आहे ना यांना, मग काही उभं का करत नाहीत?" बोलणारी माणसं वाईट नाहीत. पण 'परत मिळाली' म्हणजे नक्की काय मिळालं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मला या विषयाबद्दल फार आतून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्रज आले तेव्हा ही भूमी कुणाचीच नव्हती, ही थाप 1992 च्या माबो खटल्याच्या निकालानं मोडीत काढली आणि पुढच्या वर्षी नेटिव्ह टायटलचा (मूळ लोकांच्या जमिनीवरच्या परंपरागत हक्काचा) कायदा आला. पण नेटिव्ह टायटल म्हणजे सातबारा नव्हे. हा हक्क अख्ख्या समाजाचा. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. पुष्कळ ठिकाणी तर गुरांचं स्टेशन (अवाढव्य पशुपालन फार्म) किंवा नॅशनल पार्क होतं तिथेच राहतं आणि मूळ लोकांना शिकार, मासेमारी, विधी एवढ्यापुरता हक्क मिळतो. खाण कंपनी आली तर वाटाघाटी करता येतात, ठाम नकार देता येत नाही. अनेक निकालांत मासे, फळं घरच्या गरजेपुरतीच घ्यायची, विकायची नाहीत, अशी मेख मारलेली आहे. टोरेस सामुद्रधुनीतले लोक यावर लढले आणि 2013 मध्ये हायकोर्टानं (इथलं सगळ्यात वरचं कोर्ट) मान्य केलं की विक्रीसाठी मासे धरणं हाही त्या हक्काचाच भाग आहे. परवाना मात्र काढावाच लागतो.

आता हा कागद घेऊन बँकेत जा. पहिला प्रश्न तारणाचा, आणि गाडी तिथेच अडते. मग शहाणे लोक सुचवतात, गहाण टाकायची मुभा द्या, आपोआप उद्योग वाढतील. माझा याला सपशेल विरोध आहे. धंदा म्हटलं की तो बुडूही शकतो. बुडाला तर फ्रीज आणि गाड्या जप्त व्हाव्यात, पूर्वजांचं तळं नव्हे.

तळं म्हटलं ते उगाच नाही. इथून पश्चिमेला चारेक तासांवर गुंडिटजमारा या मूळ लोकांचं बुज बिम हे ठिकाण आहे. ज्वालामुखीच्या काळ्या दगडांत त्यांच्या पूर्वजांनी निदान 6,600 वर्षांपूर्वी चर खोदले, बांध रचले, वाम मासा तळ्यांत वाढवला. बांधाच्या फटीत गवताची विणलेली लांबुळकी टोपली बसवायची, पाण्याबरोबर वाम आपसूक आत येते. दगड हातानं रचलेले आहेत हे जवळ जाऊन वाकून बघितलं की लख्ख कळतं. 2019 मध्ये हे जागतिक वारसास्थळ झालं. ताए राक तळ्याकाठी त्यांचं मत्स्यकेंद्र आणि कॅफे 2022 पासून चालू आहे. तिथे धुरी दिलेली वाम मिळते. तेलकट, दाट चवीची. मासेखाऊ कोकणी माणसाला नक्की आवडेल.

पण इथवर यायला काय काय लागलं बघा! महायुद्धांत लढून आलेल्या गुंडिटजमारा सैनिकांना जमीन नाकारली गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याच मिशनची (मिशनऱ्यांनी त्यांना वसवलेल्या वस्तीची) जमीन गोऱ्या सैनिकांना वाटली. तळं चर काढून कोरडं केलं. 1980 च्या सुमारास पोर्टलंडच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याविरुद्ध सँड्रा ओनस आणि क्रिस्टिना फ्रँकलँड या दोघीजणी कोर्टात उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे पुढे 1987 मध्ये मिशनची जागा परत मिळाली. नेटिव्ह टायटल 2007 ला, तळं 2008 ला, बांध घालून पाणी 2010 ला. कॅफेची पहिली कॉफी त्यानंतर बारा वर्षांनी. म्हणजे नेटिव्ह टायटल एकट्यानं पुरलं नाही. मालकीची जमीन लागली, सरकारी पैसा लागला आणि वाट बघायची तयारी लागली.

सरकारी पैसा म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. अहो, प्रवरानगरचा कारखाना 1950 मध्ये उभा राहिला तो काय नुसत्या शेतकऱ्यांच्या शेअरवर? सरकारचं भागभांडवल होतं, वित्त महामंडळाचं कर्ज होतं. त्याला आपण सहकार म्हणतो, अभिमानानं म्हणतो. मग गुंडिटजमारांच्या वेळी तेच 'फुकट' कसं होतं?

भांडणं तिथेही असतात. शेकडो सभासद, जुनी घराणी, ठराव लवकर होत नाहीत. देशभर अशा दोनशेहून जास्त नेटिव्ह टायटल संस्था आहेत आणि कित्येकांकडे धड एक पूर्णवेळ माणूस नेमायला पैसे नाहीत. मग खाण कंपनीच्या वकिलांचे गठ्ठे वाचायचे कुणी, आणि कॅफेचा हिशोब लिहायचा कुणी? मला विचाराल तर पहिला खर्च इथे व्हावा. चांगला मॅनेजर, चांगला हिशोबनीस, आणि दहा-पंधरा वर्षं तगादा न लावणारं भांडवल. नफा पहिल्या तीन वर्षांत दाखवा म्हणणारा पैसा तिथे कामाचा नाही. पोरं गाव न सोडता रेंजर किंवा गाइड झाली, तळ्यात पाणी टिकलं, हेही ताळेबंदात धरायला हवं.

आपली दरवर्षीची ग्रेट ओशन रोडची सहल बारा अपोस्टल्सला फोटो काढून मागे फिरते. तिथून ताए राक दीड-दोन तास पुढे आहे. पोर्ट फेरीला मुक्काम करता येतो. गाइडेड टूर आधी बुक करावी लागते, तिचे पैसे त्यांच्याच संस्थेकडे जातात. येत्या सहलीत कोण कोण येणार, कमेंटमध्ये लिहा. वीस जण झाले तर बसचं मी बघते.