तडजोड टाळण्याचे घरगुती उपाय

तुम्ही एखाद्या पक्षाचे खरेखुरे निष्ठावंत असाल, तर आधी चहा सोडा. सगळा नव्हे, फक्त समोरच्यांनी दिलेला. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विरोधकांना चहाला बोलवायचं आणि विरोधकांनी बहिष्कार टाकायचा, हा आपल्या राज्याचा कुळाचार आहे. काल बहिष्कार टाकणारे आज यजमान होतात, आजचे यजमान उद्या बहिष्काराचं पत्र काढतात, आणि कुळाचारात खंड पडत नाही. चुकून एकदा सगळे चहाला बसले तर? बोलणं होईल. बोलण्यातून मार्ग निघेल. मग विधानभवनाच्या पायऱ्यांवर कांद्याच्या माळा घालून उभं कोण राहणार, आणि चॅनेलवाल्यांनी दाखवायचं काय?

मात्र एक सूक्ष्म भेद नीट समजून घ्या, नाहीतर चारचौघांत फजिती होईल. तडजोड निषिद्ध आहे ती कामाच्या बाबतीत. खुर्चीसाठी केली की तिला ‘राज्याचं व्यापक हित’ म्हणतात आणि तिथे आपली नेतेमंडळी फार मोठ्या मनाची आहेत. २०१९ च्या २३ नोव्हेंबरला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमाराला शपथविधी उरकला, २६ ला ते सरकार पडलं आणि २८ ला शिवाजी पार्कवर दुसरं उभं राहिलं, तेही जन्मभर एकमेकांविरुद्ध लढलेल्यांचं. २०२२ मध्ये सुरत-गुवाहाटीमार्गे तिसरं आलं. २०२३ च्या जूनअखेरीस पंतप्रधानांच्या भोपाळच्या भाषणात ज्या पक्षाच्या घोटाळ्यांचा पाढा वाचला गेला, त्याच पक्षातल्या नऊ जणांनी पाच दिवसांनी राजभवनावर मंत्रिपदाची शपथ घेतली. आणि आपल्या कानावर मात्र हेच येतं की मतभेद फार टोकाचे असल्यामुळे अमुक प्रश्न सुटत नाही!

कामाच्या बाबतीत कणखर कसं राहावं, याचे धडे घ्यायचे असतील तर मुंबईच्या भुयारी मेट्रो-तीनचं तिकीट काढा. मेट्रो सगळ्यांनाच हवी होती. भांडण होतं ते डब्यांनी मुक्काम कुठे करायचा यावर. गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या झाडीत कारशेड हवी म्हणणारा आणि नको म्हणणारा, असे दोन्ही पक्ष तेव्हा एकाच मंत्रिमंडळात बसत होते. शेजारी बसून हा विषय मिटवला असता तर ती दुबळेपणाची कबुली झाली असती. म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हायकोर्टाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या आणि सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती.

पुढे सरकार बदललं, आरेतल्या कामाला स्थगिती मिळाली. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तर केंद्र म्हणालं, जमीन आमची. डिसेंबरात हायकोर्टाने तिथलं काम थांबवलं. मुंबई-दिल्ली फोन चालू होते, पण फोन उचलणं म्हणजे माघार. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं, पुन्हा आरे. आणि खरी कमाल तर पुढेच आहे: त्याच कांजूरमार्गची जागा नंतर मेट्रो-सहाच्या कारशेडला चालली. जमिनीत दोष नव्हता हो, ती सुचवणाऱ्यांत होता. मेट्रो-तीन अखेर कफ परेडपर्यंत पोचली ऑक्टोबर २०२५ मध्ये. सुरुवातीचा २३ हजार कोटींचा अंदाज तोवर ३७ हजार कोटींवर गेला होता. सगळा वाढीव खर्च काही या भांडणाचा नाही, पण निष्ठावंताने असल्या हिशेबात शिरूच नये. स्टेशनाबाहेरच्या बॅनरवर आपल्या साहेबांचा फोटो इतरांपेक्षा मोठा आहे ना, तेवढं पाहावं.

उलट वागलं तर काय भोगावं लागतं, तेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा दोन्ही सभागृहांनी चक्क एकमताने मंजूर केला. शहरातल्या पगारदाराने व्यवसाय कर भरायचा, गावात मागेल त्याला काम द्यायचं. शहर विरुद्ध खेडं अशी पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढी आग लावायची सोन्यासारखी संधी होती, आणि सभात्याग करायचं कुणाला सुचलंच नाही! परिणाम असा की २००५ मध्ये केंद्रानेही त्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. तुमच्या पगारपत्रकावर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, कापलेले दिसतात ना? त्या एकमताची आठवण अजून वळती होते आहे.

सुदैवाने असे प्रसंग आता दुर्मीळ होत चाललेत. २०२४ च्या निकालानंतर २८८ च्या विधानसभेत कुठल्याही विरोधी पक्षाकडे दहावा हिस्सा, म्हणजे २९ आमदार उरले नाहीत, त्यामुळे विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी ठेवायची सोय झाली. दिल्लीत सतरावी लोकसभा उपाध्यक्षाविनाच पाच वर्षं चालली. ज्याच्याशी बोलायचं तो माणूसच नेमला नाही, की तडजोडीचा धोका मुळातूनच टळतो.

राहता राहिला घरचा अभ्यास. मेहुणा दुसऱ्या पक्षाचा असेल तर त्याला कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत काहीही लिहू नका. आधी बातम्या लावा, आपण आज कुणाबरोबर आहोत ते पाहून घ्या, मग शिव्या द्या. रात्रीत युती झालीच, तर गेल्या आठवड्यातले मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ करण्याची मुदत संपलेली असते आणि मेहुण्याकडे स्क्रीनशॉट असतो. गल्लीतला खड्डा बुजवण्यासाठी दोघांनी मिळून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा, असं बायको सुचवेल. ठाम नकार द्या. तिला सांगा, तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि त्या खड्ड्यात कधी पाय मुरगळलाच, तर दवाखान्यात मेहुण्याच्या गाडीतून जाऊ नका. रिक्षा करा, आणि बसण्याआधी रिक्षावर कुठल्या पक्षाचं स्टिकर आहे ते बघा.