मलकापूरच्या चार कॅमेऱ्यांबद्दल: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या दुकानाच्या ऑनलाइन अभिप्रायात तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर परवा रात्री वाचला. आधी माफी मागतो. तुमच्या घरी आम्ही बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, खातं चार महिने आमच्या दुकानाच्या मोबाइलवर राहिलं, ते राहायला नको होतं. चूक आमची आहे. काल सकाळी शटर वर केल्यावर पहिलं काम ते काढून टाकायचं केलं.

आता पुढचं. तुम्ही लिहिलंत, "दुकानदार चार महिने आमच्या घरात डोकावत होता." साहेब, हे वाक्य माझ्या मुलीने वाचलं. समोरच्या झेरॉक्सवाल्याने वाचलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. विद्यानगरच्या एका जुन्या ग्राहक ताईंचा फोन आला, "भाऊ, आमच्याही घरातलं दिसतं का हो तुम्हाला?" सतरा वर्षं कराडात हा धंदा करतोय. लोकांच्या बेडरूमच्या दारापर्यंत शिडी घेऊन जायचं काम आहे आमचं, ते निव्वळ विश्वासावर चालतं. महाग म्हणा, उशिरा आलात म्हणा, ऐकून घेईन. "डोकावत होता" हे मात्र लागलं. म्हणून जरा लांबण लावतो, राग मानू नका.

वसुबारसेचा दिवस आठवा. तुम्हाला चारच्या आत पुण्याला निघायचं होतं. दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे दोनच पोरं, तरी एकाला साडेदहाला तुमच्याकडे धाडलं. गेटला एक, पार्किंगला एक, मागच्या परसाला एक आणि आईंसाठी हॉलमध्ये एक. दीडपर्यंत वायरिंग झालं. मग मोबाइलवर कॅमेरे दाखवणारं ॲप. खातं उघडायला ओटीपी लागतो. तुमच्या नंबरला घरात रेंज नाही, म्हणून पोरगा तुमचा मोबाइल घेऊन गच्चीवर गेला. ओटीपी आला, तो खाली येईपर्यंत मुदत संपली. असं तीनदा झालं. मग ई-मेलवरून करू म्हटलं, तर त्याचा पासवर्ड तुम्हाला आठवेना. पावणेतीनला तुम्ही पोराच्या मोबाइलवरून मला फोन लावून म्हणालात, "तुमच्याच खात्यावर टाका हो, मला दिसल्याशी मतलब." शब्द तुमचे आहेत. पोरगा शेजारीच उभा होता.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. या डीव्हीआरला ज्याचं खातं पहिल्यांदा जोडलं जातं तो त्याचा मालक. बाकीचे सगळे पाहुणे. मालकाने शेअर केलं तर त्यांना दिसणार, बंद केलं तर बंद. तुम्ही रात्री पुण्यात पोचून स्वतःचं खातं उघडलंत, मी जेवण बाजूला ठेवून तुम्हाला चारही कॅमेरे शेअर केले. मालकी तुमच्याकडे द्यायची तर आधी माझ्याकडून काढून, डीव्हीआरच्या पोटाखालचा क्यूआर कोड तुमच्या मोबाइलवर स्कॅन करावा लागतो. डीव्हीआर माळ्यावर, तुम्ही पुण्यात, घरी आई आणि सांभाळणाऱ्या मावशी. पाडव्याला येताय तेव्हा करू, असं ठरलं होतं. पाडव्याला तुम्ही विसरलात, मीही विसरलो. मी विसरायला नको होतं, हे वर कबूल केलंच आहे. पण तुमच्या स्क्रीनवर "शेअर केलेले" ही अक्षरं पहिल्या रात्रीपासून होती. ती चार महिन्यांनी दिसली म्हणून मी चार महिने चोर, हा हिशेब मला पटत नाही.

तुमचं रेकॉर्डिंगही माझ्याकडे कुठे साठत नाही. ते तुमच्याच माळ्यावरच्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर असतं, भरली की जुनं पुसून नवं चढतं. दुकानाच्या मोबाइलवर मी तुमचं घर दोन वेळा उघडलं, दोन्ही वेळा तुमचा फोन आला म्हणून. एकदा पार्किंगच्या कॅमेऱ्यापुढे कोळ्याने जाळं धरलं होतं आणि रात्री सगळं पांढरं दिसत होतं, तेव्हा.

दुसरी वेळ डिसेंबरातली. रात्री पावणेबाराला तुमचा फोन, हॉलचा कॅमेरा काळा झालाय, आई फोन उचलत नाही. मी उघडून पाहिलं. बाकीचे तीन चालू, म्हणजे लाइट आहे, डीव्हीआर आहे. हॉल नुसता काळा. तशा थंडीत स्कूटर काढून मलकापूरला गेलो, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि आज मागतही नाही. तुम्हाला मी सांगितलं, कनेक्शन सैल झालं होतं. ते खोटं होतं. आईंनी मावशींना स्टुलावर चढवून कॅमेऱ्यावर पंचा टाकून घेतला होता. मला म्हणाल्या, "दिवसा असू दे बाबा. रात्री पाय पसरून पडावं तर कुणीतरी बघतंय असं वाटतं. पोराला सांगू नको, काळजीपोटी लावलाय त्याने." मी सांगितलं नाही. आज चारचौघांत सांगावं लागतंय, त्याबद्दल तुमची नाही, आईंची माफी मागतो. रात्री दहा ते सकाळी सहा हॉलचा कॅमेरा झाकून ठेवू, नाहीतर कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे वळवू, म्हणजे त्या पडल्या-झडल्या तर कळेल आणि पलंग दिसणार नाही. तुम्ही आणि त्या मिळून ठरवा.

"सांगितलेल्या जागी कॅमेरा लावायला नकार, वर अरेरावी" असंही तुम्ही लिहिलंय. ती जागा कुठली हे मात्र लिहिलं नाहीत. स्वयंपाकघरामागच्या खोलीत, जिथे मावशी झोपतात आणि लुगडं बदलतात, तिथे, आणि त्यांना न सांगता. चोरीची भीती असेल तर कपाटाला कुलूप लावा, असं मी म्हटलं, याला अरेरावी म्हणत असाल तर ती मी केली. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली बाईमाणसाला तसं बघणं, टिपणं हा गुन्हा आहे आणि शिडीवर माझा पोरगा असतो. आपल्या घरातलं कुणी बघू नये असं आपल्याला वाटतं, तसं मावशींनाही वाटत असेल की. असो. हॉलमध्ये कॅमेरा आहे हेही त्यांना मीच सांगितलं, चोंबडेपणा म्हणा हवं तर.

दर जास्त लावला म्हणता, त्याचं थोडक्यात. कॅमेरा ऑनलाइन स्वस्त मिळतो, मान्य. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा तपासणी सक्तीची झाली, तेव्हापासून आम्हालाच माल चढ्या दराने मिळतोय. तपासणी नसलेला आणून लावला असता तर बिल कमी झालं असतं. तुम्हीच तेव्हा म्हणालात, चांगलं ते लावा.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली कॅमेऱ्याची चित्रं बाहेर विकली गेली, तेव्हापासून आम्ही दुकानदारच धास्तावलोय. त्यामुळे यापुढे खातं शक्यतो ग्राहकाच्याच मोबाइलवर उघडायचं, नाहीच जमलं तर वहीत नोंद करायची आणि आठवड्याभरात काढून घ्यायचं, असं पोरांना सांगितलंय. वही आणलीय. आणि विद्यानगरच्या ताई, तुमचंही काढलं हो. बाकी ज्यांची आहेत त्यांना एकेक करून फोन लावतोय, जरा सबुरी धरा.

एक विनंती साहेब, हात जोडून. अभिप्रायात तुम्ही डीव्हीआरचा पासवर्ड जसाच्या तसा लिहिलाय, दुकानाचं नाव आणि पुढे १२३, "असला पासवर्ड शाळकरी पोरही ओळखेल" म्हणून. बरोबर आहे, ओळखेल. लोक विसरतात म्हणून सोपा ठेवायचो. पण तुमच्या माळ्यावर अजून तोच आहे, आणि आणखीही काही ठिकाणी आहे, ते बदलायला घेतलंय. तारा एकच राहू द्या, तेवढी ओळ काढा.

शनिवारी पोरगा येईल. पैसे नाहीत. त्याच्यासमोर पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, त्याला पाठ फिरवून उभं राहायला सांगितलंय. क्यूआर कोड तुमच्या मोबाइलवर स्कॅन होईल. फक्त त्या दिवशी ई-मेलचा पासवर्ड आठवून या, आणि ओटीपी यायच्या वेळी गच्चीवर कुणीतरी उभं असू द्या.

दुकानमालक
कराड