तूर पेरा म्हणता, मग घेत का नाही?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तूरडाळीच्या पाकिटावरच्या किमतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "शेतकऱ्यांची चंगळ आहे बाबा." तेव्हापासून डोकं ठणकतंय.

चंगळ? 2015 ला तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली तेव्हा अख्ख्या देशाला तूर आठवली. डाळी पेरा, देश स्वयंपूर्ण करा! आमच्या अण्णांनी कपाशी कमी करून तूर वाढवली. 2016 ला पाऊस चांगला झाला, पीक विक्रमी आलं, हमीभाव बोनससह क्विंटलला 5050 रुपये. आणि आमच्या तालुक्याच्या खरेदी केंद्रावर बारदाना नाही, तूर भरायला पोतीच नाहीत! अण्णा ट्रॉलीखाली सतरंजी टाकून झोपायचे. शेवटी नंबर लागला, तर ग्रेडर मूठभर तूर हातात घेऊन म्हणाला, ओल जास्त आहे. एप्रिलच्या उन्हात ओल! बाहेर व्यापारी साडेतीन हजाराने घ्यायला उभाच होता.

आणि त्याच 2016 ला सरकारने मोझांबिकशी तूर आणायचा पाच वर्षांचा करार केलेला.

मान्य, डाळ महागली की हातावर पोट असलेल्याच्या ताटातलं वरण जातं. त्याला स्वस्त डाळ मिळालीच पाहिजे. पण ती रेशनवर द्या ना. बाहेरची तूर आणून, भाव पाडून, अण्णांच्या खिशातून कशाला?

अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांवर जगणारा हा देश गव्हात उभा राहिला तो नुसत्या बियाण्यावर नाही. मेक्सिकन गव्हाचं बियाणं जहाज भरून आलं 1966 ला. त्याआधीच, 1965 ला, धान्य खरेदी करणारं अन्न महामंडळ आणि हमीभाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग उभे केले होते. पंजाबच्या शेतकऱ्याला ठाऊक होतं, पिकवलं की सरकार उचलणार. ट्रॉलीखाली झोपलेल्या माणसाला काय ठाऊक होतं? तुरीची आयात तर 2021 ला खुली केली आणि नुसती मुदत वाढवत राहिले.

अण्णा आता थकलेत. सोयाबीनमध्ये तुरीच्या दोन-चार ओळी टाकतात, घरापुरत्या. आई ती भिजवते, पत्र्यावर वाळवते, जात्यावर भरडते. त्या वरणाला जो वास असतो तो पाकिटातल्या डाळीला नाही. हे लिहिताना जरा शांत झालो.

आता केंद्र सरकारचं डाळींसाठी नवं अभियान आलंय, 2030-31 पर्यंत वर्षाला 350 लाख टन डाळी पिकवायच्या. नोंदणी केलेल्या शेतकऱ्याची तूर चार वर्षं हमीभावाने घेणार म्हणतात. चांगलंच आहे. मग जूनमध्ये, पेरणीआधीच, आयात शुल्क किती ते जाहीर करा आणि तूर विकून होईस्तोवर त्याला हात लावू नका. बारदाना डिसेंबरात केंद्रावर पोचवा. एवढं झालं तर अण्णा परत तूर वाढवतील. मी विचारलंय त्यांना.