भाड्याच्या फ्लॅटला खर्च कसला?

नाशकात भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? अभिनंदन. पाथर्डी फाट्याला की गंगापूर रोडला ते तुम्ही ठरवा, हिशेब मात्र एजंटच्याच पद्धतीने करा. भाडं १२ हजार, गुणिले १२, झाले १ लाख ४४ हजार. वही मिटा, पेढे वाटा.

घर रिकामं राहील अशी शंकाही नको. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली मंडळी तुमच्या जिन्यात रांग लावून बसलेलीच आहेत.

घरपट्टी? भाडेकरू भरेल हो.

दुरुस्तीसाठी तर छदामही धरू नका. मी नव्हता धरला. मार्चमध्ये खालच्या वहिनींचा फोन आला, "भाऊ, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय." प्लंबर म्हणाला, चार टाइल्स फोडाव्या लागतील. फोडल्या अकरा. तसली टाइल आता येत नाही म्हणे. द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत दुकानं पालथी घातली, शेवटी सगळीच फरशी नवी. मग वॉटरप्रूफिंग. मग वहिनींच्या छताला रंग, कारण ओल आमची! घरात बाथरूम एकच, तेही फोडलेलं, त्यामुळे भाडेकरू दहाव्या दिवशी सामान बांधून गेला. जाताना हॉलच्या भिंतीत एवढे खिळे ठेवून गेला की रंगाऱ्याचा एक दिवस लांबी भरण्यातच गेला. अडीच महिने फ्लॅट बंद, मेंटेनन्स मात्र चालू. नवा भाडेकरू आणला म्हणून एजंटला एक महिन्याचं भाडं. करार ११ महिन्यांचा, म्हणजे मुद्रांक शुल्क, नोंदणी, सगळं पुढच्या वर्षी परत. वर सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून जादा आकार) लावलं, मेंटेनन्सच्या २५ टक्के! २००१ चा शासन निर्णय नाकासमोर धरला, की सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. तर म्हणे, "आपलं मीटिंगमध्ये ठरलंय." कसली मीटिंग? सात टाळकी आणि वेफर्स!

अहो, आयकर खात्यालासुद्धा कळतं की घर खर्च खातं. तुम्ही भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा करून उरलेल्यावर ते ३० टक्के सरसकट वजावट देतं, पावती न मागता. आणि तुम्ही शिकलीसवरलेली माणसं बाराचा पाढा म्हणून वीस वर्षांचं कर्ज काढता? दहाच महिन्यांचं भाडं धरा. मेंटेनन्स, घरपट्टी, एजंट, करार, रंग, प्लंबर एकेक लिहून वजा करा. उरेल त्याच्याशेजारी बँकेचा हप्ता मांडा आणि बघा जरा डोळे उघडून. "सिंहस्थाला भाव चढतील" हे मला ऐकवू नका. चढतील तेव्हा चढतील. काल रात्री वहिनींचा पुन्हा फोन आला होता.